पेटीवादन आणि दिव्यांग बालकाचा आत्मविश्वास

वर्गात मागे बसणारे दिव्यांग बालक पुष्कळदा पाढ्यांच्या आधी 'मला येत नाही' हेच पाठ करते. ते विसरावयास लावणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय. या कामी वाद्य उपयोगी पडते. पियानो खेड्यात दुर्मिळ. परंतु परभणी जिल्ह्यातील भजनी मंडळांत बाजाची पेटी असते आणि तिच्या पट्ट्यांची मांडणी पियानोसारखीच असते.

काळ्या पट्ट्या उंच असून दोन व तीन अशा गटांनी बसविलेल्या असतात. दोहोंच्या गटालगत डावीकडची पट्टी ती पांढरी एक. तेथे 'सा' धरावा. दृष्टिहीन बालकास ही खूण बोटांनी स्वतः शोधू द्यावी. एक हात अधू असलेल्या बालकाने स्वर वाजवावेत, सोबत्याने भाता चालवावा. ज्यास शिकण्यास वेळ लागतो, त्यास आठवडाभर सा, रे, ग एवढेच पुरे. चूक झाल्यास शिक्षकाने थांबावे. पेटी स्वतःकडे ओढू नये.

कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या दृष्टीस बालपणी फटाक्याने इजा झाली. पुढे ते संगीताकडे वळले व १९०१ साली त्यांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय स्थापिले.

प्रत्येक बालक गवई व्हावे असा येथे हेतू नाही. परिपाठात प्रार्थनेचा पहिला स्वर अशा बालकाने द्यावा. टाळ्यांची आवश्यकता नाही. ते न आल्यास प्रार्थना अडेल, असे काम त्याजकडे सोपवावे.