किलिमांजारो

विषुववृत्ताजवळच्या उष्ण प्रदेशात बर्फ असेल का? १८४८ साली रेबमान नावाच्या जर्मन पाद्र्याने आजच्या टांझानियातील किलिमांजारो पर्वतावर बर्फ पाहिला. त्याने तसे लिहून कळवले, तेव्हा युरोपातील काही विद्वानांनी त्याची चेष्टा केली. घरी बसून हसणे सोपे असते!

बर्फ खराच होता. पण १९१२ नंतर त्याचा चार पंचमांशाहून अधिक भाग नाहीसा झाला आहे.

ज्वालामुखीपासून बनलेला हा पर्वत ५,८९५ मीटर उंच आहे. आफ्रिकेत याहून उंच पर्वत नाही. पायथ्याशी गवताळ मैदाने, वर दाट जंगल आणि त्याहून वर नुसते खडक व राख. उतारावर चग्गा लोक राहतात. ते केळीच्या सावलीत कॉफी लावतात. त्यांच्या पूर्वजांनी पाट खणून ओढ्यांचे पाणी शेतात आणले. हे पाणी बर्फाचे कमी आणि जंगलातल्या पावसाचे जास्त असते. म्हणून जंगल तुटू लागले, की शेतकरी घाबरतात.

१९६१ साली देश स्वतंत्र झाला. तेव्हा सर्वांत उंच टोकाला 'उहुरू' हे नाव मिळाले. स्वाहिली भाषेत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. मुलांनो, तुमच्या उर्दूतला 'हुर्रियत' हा शब्द आठवला ना? दोन्ही शब्दांचे मूळ एकच, अरबी आहे.