आठवीतली चूक, पाचवीतले कारण

पाचवी ते आठवी या चार वर्षांत शालेय गणिताचे रूप पालटते. त्याआधीचे बहुतेक काम पूर्ण संख्यांच्या चार क्रियांवर भागते. पुढे अपूर्णांक, दशांश, ऋण संख्या, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी आणि अखेरीस बैजिक राशी येतात. प्रत्येक घटक आधीच्या घटकावर उभा असल्याने आठवीत बीजगणित अडले, तरी मूळ बहुधा पाचवी-सहावीत सापडते. अशा वेळी नवा क्लास लावण्यापेक्षा जुन्या वह्या उघडणे अधिक उपयोगाचे ठरते.

चुकीचे उत्तर नीट वाचले तर कच्चा दुवा नेमका कळतो. 612 भागिले 6 याचे उत्तर 12 लिहिणाऱ्या मुलाला सहाचा पाढा येत असतो. भागाकारात दशकाच्या जागी शून्य द्यायचे राहून जाते, म्हणजे स्थानिक किंमत कच्ची असते. त्याच्याकडून पाढे पुन्हा घोकून घेण्याने काहीच साधत नाही. ‘सहाशेत सहा किती वेळा?’ असे आधी विचारले की उत्तर शंभराच्या पुढेच असणार हे त्याचे त्यालाच उमगते. घरच्या घरी पडताळणी सुरू करायला असा भागाकार सोयीचा आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीतही तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे हीच अंकगणिताची सर्वांत वरची पायरी धरली जाते.

खरा अडसर अपूर्णांकाचा. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, असे उत्तर अनेक वह्यांत दिसते: अंशात अंश, छेदात छेद मिळवून मोकळे. समच्छेद करण्याची रीत पुन्हा सांगितली की तेवढ्यापुरते उत्तर सुधारते आणि महिन्याभरात चूक परतते. त्याऐवजी दोन पंचमांश अर्ध्याहून कमी आहेत, हे कागदाची पट्टी दुमडून दाखवावे. अर्ध्यात काही मिळवले आणि उत्तर अर्ध्याहून लहान आले, यातली विसंगती मुलाने स्वतः बोलून दाखवली पाहिजे. रीत त्यानंतर. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत, तेव्हा अपूर्णांकांचा असा अंदाज आपोआप तयार होई. ती सगळी घोकंपट्टी परत आणण्याचे कारण नाही. पण कोणत्याही सोप्या संख्येची पाव, पाऊण आणि दीडपट तोंडी सांगता येणे आजही मोलाचे आहे.

दशांशात 0.35 ही संख्या 0.5 पेक्षा मोठी वाटते, कारण पस्तीस पाचापेक्षा मोठे. इथे रुपये-पैशांचे उदाहरण जपून वापरावे, 2.5 रुपये म्हणजे दोन रुपये पाच पैसे असे वाचणारी मुले कमी नसतात. मोजपट्टीवरचे सेंटिमीटर-मिलिमीटर अधिक भरवशाचे. बीजगणितात 2a + 3b चे 5ab होते, तेव्हा अक्षर हे संख्येच्या जागी आहे हेच पोहोचलेले नसते.

शाब्दिक उदाहरणांत अडचण पुष्कळदा भाषेची असते. ‘यात गुणायचं की भागायचं?’ हा प्रश्न आला, की उदाहरण न बघता स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे आणि आकृती काढून घ्यावी. उत्तराचा अंदाज आकडेमोडीआधी लिहावा. सरावाला रोज वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. मात्र एकाच प्रकारची तीस उदाहरणे सोडवण्यापेक्षा वेगवेगळ्या प्रकारची आठ-दहा बरी. पुढच्या इयत्तेचा भाग सुट्टीतच उरकून घेण्याची चढाओढ या वयात बहुधा निरुपयोगीच ठरते.

हे गणित इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांपुरतेच लागते, हा समज चुकीचा आहे. आयटीआयच्या फिटर किंवा टर्नरला व्हर्नियर कॅलिपरवर मिलिमीटरचे शतांश वाचावे लागतात. परिचारिकेला 500 मिलीलिटर सलाईन चार तासांत द्यायचे असेल आणि सेटमधून एका मिलीलिटरला 20 थेंब पडत असतील, तर मिनिटाला सुमारे 42 थेंब हा हिशेब मांडता यावा लागतो. तो सारा सातवीतल्या गुणोत्तराचा. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित असते. त्याआधी आठवीतच एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा येते. कौटुंबिक उत्पन्न मर्यादेत बसणाऱ्या शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठी ती आहे. निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात.

आठवी संपत आली तरी दुरुस्ती शक्य असते. क्रम मात्र सोडू नये: आधी भागाकार, मग अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी, ऋण संख्या आणि शेवटी समीकरणे. काही महिने नियमित प्रयत्न करूनही अंकांची उलटापालट होत असेल, साध्या बेरजेलाही बोटे मोजावी लागत असतील, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. प्रमाणित विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत सवलती मिळतात. त्या प्रमाणपत्राला वेळ लागत असल्याने दहावीचा अर्ज भरण्याची वाट न पाहता आठवी-नववीतच शाळेमार्फत सुरुवात करणे सोयीचे.