शिडीची चौथी पायरी

१९९६चा जुलै महिना. मुंबईच्या एका गोदीत वेल्डर म्हणून मला बारा वर्षं झाली होती. नव्या जहाजाच्या एका बॅलास्ट टाकीची पाण्याची चाचणी आटोपली होती. पाणी उपसल्यावर आत पाऊस जाऊ नये म्हणून मॅनहोलवर झाकण ठेवलं, बोल्ट आवळले आणि टाकी पंधरा दिवस तशीच राहिली. आत गॅस नव्हता, तेल नव्हतं, रंगही नव्हता. ओलं, उघडं लोखंड होतं, एवढंच.

त्या सकाळी पहिल्या पाळीला झाकण उघडलं. ब्लोअर दुसऱ्या कामावर अडकला होता, चहानंतर मिळणार होता. माझा हेल्पर मालवणकडचा, बाविशीतला पोरगा. "काका, मी फुडे जावन लॅम्प लावतंय," म्हणाला. मी केबलचा गुंता सोडवत होतो. मान वर न करताच "जा" म्हटलं. तो शब्द माझा होता, आजही मी तो दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

दोन मिनिटांनी हाक मारली. उत्तर नाही. वाकून पाहिलं तर खाली लॅम्प पेटलेला, त्याच्या उजेडात पोरगा कुशीवर पडलेला आणि हेल्मेट गंजलेल्या पत्र्यावर घरंगळलेलं. पाय घसरला असेल असं समजून मी शिडीवर उतरलो. चौथ्या पायरीवर गुडघ्यांतलं बळच गेलं. खोकला आला नाही, वास आला नाही, जीव गुदमरला असंही वाटलं नाही. मॅनहोलशी उभ्या असलेल्या आमच्या वयस्क फिटरने पोटावर पडून माझी कॉलर धरली आणि आणखी एकाच्या मदतीने मला ओढून काढलं. ते मला नंतर सांगण्यात आलं.

गुदमरलो असतो तर सावध झालो असतो. तसं का झालं नाही, ते मला फार उशिरा समजलं. श्वास कोंडल्याची तगमग होते ती अंगात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. नुसता ऑक्सिजन कमी झाला तर तो वायू श्वासावाटे बाहेर जातच राहतो, म्हणून शरीर ओरडत नाही. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५च्या खाली गेला की हवा धोक्याची मानतात. सहा टक्क्यांच्या आसपास आला तर दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. आमच्या टाकीतला ऑक्सिजन गंजाने खाल्ला होता. ओलं लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि बंद टाकीत बाहेरून नवी हवा येत नाही.

श्वसनाचे संच लावून माणसं आत गेली, तोवर पंचवीस मिनिटं झाली होती. पोरगा गेला.

मी त्या फिटरशी महिनाभर बोललो नाही. मला काढलंस, मग त्याच्यासाठी का उतरला नाहीस, हा राग होता. तो एकदाच म्हणाला, "मी उतरलो असतो तर तुला कुणी धरलं असतं?" अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९८६ साली इशारा दिला होता की अशा बंदिस्त जागांत मेलेल्यांपैकी साठ टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. तो आकडा वाचला त्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो.

गोदीत नव्याने लागणाऱ्या पोरांना मी म्हणूनच सांगतो, टाकीच्या तोंडाशी घाई करू नका. आधी ब्लोअरने ताजी हवा सोडा, मग मीटर दोरीने खाली सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजा. वेल्डिंगला वापरतो तो आर्गॉन हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसतो. वरचा आकडा बघून उतरलात तर फसाल. काडी पेटवून बघू म्हणणारा अजूनही भेटतो. आत जळणारा गॅस असला तर ती काडी शेवटची ठरेल. उकडतं म्हणून ऑक्सिजनची नळी सोडून गारवा घेणारेही मी पाहिलेत. ते तर अजिबात करू नका. ऑक्सिजन वाढला की अंगावरची सुती डांगरीसुद्धा ठिणगीने भडकते. जेवणाची सुट्टी झाली तरी गॅसच्या नळ्या टाकीबाहेर काढा. १३ फेब्रुवारी २०१८ला कोचीन शिपयार्डमध्ये दुरुस्तीला आलेल्या 'सागर भूषण' या ड्रिलशिपवर साचलेल्या गॅसचा स्फोट झाला, पाच कामगार गेले. गॅस कामाच्या वेळा पाळत नाही.

यातलं काहीच नवं नाही. आमच्या अपघाताच्या वेळीही १९४८च्या फॅक्टरी ॲक्टच्या ३६व्या कलमात लिहिलेलं होतं: अशा जागेत जायचं तर हवा तपासल्याचा जाणकाराचा लेखी दाखला हवा, नाहीतर श्वसनाचा संच आणि कमरेचा पट्टा, त्याच्या दोरीचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. लॅम्प चोवीस व्होल्टच्या वरचा नको हेही त्याच कायद्यात होतं. आमचा लॅम्प चोवीस व्होल्टचा होता. दाखला नव्हता, आणि मी मागितलाही नव्हता.

ठेकेदाराच्या पोरांना दाखला मागायची भीती वाटते, उद्या हजेरी मिळणार नाही म्हणून. त्यांच्या वतीने मागणं हे कायम नोकरीतल्या जुन्या माणसांचं काम आहे. सुपरवायझर चिडला तर चिडू दे, पाळी एक तास उशिरा सुटेल.

आणि कधी सोबती खाली पडलेला दिसलाच, तर काठावरच थांबा. ओरडा, आत हवा सोडा, संचवाल्यांना बोलवा. पाय शिडीवर ठेवू नका.