माराकाना : दोन लाखांचे क्रीडांगण

एखाद्या क्रीडांगणाची महती आपण बहुधा तेथे गाजलेल्या सामन्यांवरून ठरवतो. परंतु क्रीडांगण हे जसे खेळाडूंचे, तसेच प्रेक्षकांचेही असते. तेथे कोणाला बसता येते, कोणाला उभे राहावे लागते आणि कोणाला बाहेरच राहावे लागते, यावरून त्या समाजाची बरीच ओळख पटते. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील माराकाना क्रीडांगणाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

१९५० ची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा ब्राझीलमध्ये भरावयाची ठरली, तेव्हा रिओ ही देशाची राजधानी होती. नवे क्रीडांगण कोठे बांधावे यावर वाद माजला. कार्लोस लासेर्दा या राजकीय पुढाऱ्याला ते दूरच्या जाकारेपाग्वा भागात हवे होते. क्रीडापत्रकार मारिओ फिल्यो यांनी मात्र शहरातील जुन्या घोडशर्यतीच्या मैदानाचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. १९६६ साली ते निधन पावल्यावर क्रीडांगणाला अधिकृतपणे त्यांचेच नाव देण्यात आले. पण लोकांच्या तोंडी राहिले ते माराकाना हेच नाव.

२ ऑगस्ट १९४८ रोजी पायाभरणी झाली आणि १६ जून १९५० रोजी पहिला सामना खेळला गेला. काम तेव्हा पुरते झालेही नव्हते. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १६ जुलैला, ब्राझील आणि उरुग्वे यांची निर्णायक गाठ पडली. विश्वविजेतेपदासाठी ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. तिकीट काढून आलेले प्रेक्षक १,७३,८५० होते. एकूण जमाव दोन लाखांच्या घरात होता असे मानतात. त्या वेळी रिओची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

फ्रियासाने ब्राझीलचा पहिला गोल केला. मग उरुग्वेच्या स्कियाफिनोने बरोबरी साधली आणि ७९ व्या मिनिटाला गिजियाने विजयी गोल मारला. सारे क्रीडांगण सुन्न झाले. पराभवाचे खापर गोलरक्षक बार्बोसाच्या माथी फुटले, आणि २००० साली मृत्यू येईपर्यंत त्याची त्यातून सुटका झाली नाही. संघाचा पांढरा गणवेशही अपशकुनी ठरला. त्याच्या जागी जो पिवळा सदरा आला, तोच आज जगभर ओळखला जातो.

एवढे लोक मावत कसे? वरच्या सज्जात सिमेंटच्या सलग पायऱ्या होत्या. अगदी खाली, मैदानाच्या कडेने, ‘जेराल’ म्हणजे सर्वसाधारण प्रेक्षकांची उभी राहण्याची जागा होती. तेथून खेळ नीट दिसत नसे. ऊन-पावसाचाही त्रास असे. परंतु तिकीट सर्वांत स्वस्त. त्यामुळे मजूर, फेरीवाले, नोकरचाकर यांनाही तेथे प्रवेश होता. १९६९ मध्ये पेलेने आपला हजारावा गोल माराकानावर केला, त्या काळातही ही जागा गरिबांची हक्काची होती.

१९९२ च्या जुलैत एका सामन्याच्या वेळी वरच्या सज्जाचा कठडा तुटला आणि तीन प्रेक्षक प्राणास मुकले. गर्दीवर मर्यादा घालणे अपरिहार्य झाले. पुढे स्वतंत्र खुर्च्या आल्या, २००५ मध्ये जेराल बंद झाले, आणि २०१४ च्या विश्वचषकापूर्वीच्या पुनर्बांधणीनंतर आसनसंख्या सुमारे ७८ हजारांवर आली. त्या वर्षीचा जर्मनी-अर्जेंटिना अंतिम सामना ७४,७३८ प्रेक्षकांनी पाहिला. सर्वांना खुर्ची होती. पण पूर्वीचा जेरालवाला मात्र तेथे नव्हता.

यावरून जुने तेच चांगले असे म्हणणे बरोबर होणार नाही. तीन जीव गेल्यावर कठडे आणि गर्दी यांचा विचार करावाच लागतो. परंतु सुरक्षितता हवी म्हणून गरिबाने बाहेर राहिलेच पाहिजे, असेही नाही. जर्मनीत डॉर्टमुंड येथे लीगच्या सामन्यांना आजही एका बाजूच्या सज्जात सुमारे २५ हजार लोक आधाराच्या दांड्यांमध्ये उभे राहून, तुलनेने स्वस्त तिकिटात खेळ पाहतात. म्हणजे प्रश्न केवळ बांधकामाचा नसून इच्छेचा आहे. क्रीडांगण किती भव्य आहे हे विचारताना, त्याचे दार कोणाकोणासाठी उघडे आहे, हेही आपण विचारले पाहिजे.