गाडीचा हप्ता आणि शुगरची गोळी

मागच्या महिन्यात विहारात बीपी-शुगर तपासायला बसले होते. रांगेत एक ओळखीचा भाऊ आला. वय बेचाळीस. शुगर निघाली २८६. विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? तर म्हणतो, "सिस्टर, दोन महिने झाले, बंद आहेत. आणाले जाच झालं नाही."

गोळ्या काही महाग नाहीत. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण ओपीडीच्या रांगेत अर्धा दिवस जातो, अर्धा दिवस गेला की पगार कापला जातो, आणि पगार कापला तर पाच तारखेचा हप्ता चुकतो. हप्ता कशाचा? जुन्या चारचाकीचा. गाडी विहाराबाहेर उभी होती, हार घातलेली, मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम'.

मी त्याला रागावले नाही. ज्यांच्या आजोबांना गावात चांगले कपडे घालून चालण्याचीही चोरी होती, त्यांच्या नातवाने गाडी दारात उभी केली तर कोणाला आनंद होणार नाही? मलाही झाला होता, पेढा मी पण खाल्ला होता. म्हणून खाली लिहिते तो हिशेब त्याला लाज वाटावी म्हणून नाही. गाडी घेताना हा हिशेब त्याला कोणी मांडून दाखवला नव्हता. विकणाऱ्याने फक्त हप्ता सांगितला.

त्याचा पगार २२,००० रुपये. गाडी अडीच लाखांची. ५०,००० साठवलेले दिले, दोन लाखांचं कर्ज काढलं, व्याज १५ टक्के, मुदत चार वर्षं. हप्ता बसला साधारण ५,५६६. म्हणजे दोन लाखांचे जवळजवळ २,६७,००० परत करायचे. इंदोऱ्याहून सीताबर्डीला कामावर जाणं-येणं रोज दहा किलोमीटर, रविवारची फिरती धरून महिन्याला चारशे. शहरातल्या गर्दीत जुनी गाडी लिटरला पंधरा देते, पेट्रोल १०४ रुपये धरलं तर २,८०० गेले. विमा महिन्याला दोनशेच्या घरात पडतो. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, पीयूसी मिळून हजार. पार्किंग आणि चालान मी धरतच नाही. एकूण झाले महिन्याला साडेनऊ हजार. चार वर्षांत सुरुवातीच्या पन्नास हजारांसह पाच लाखांच्या वर. शेवटी गाडी लाखभराला विकली गेली असं समजा, तरी चार लाख गेले.

आता सायकल. साधी, गिअर नसलेली, मजबूत सायकल सात हजारांत येते. हेल्मेट, कुलूप, पंप, पुढचा-मागचा दिवा यांचे दीड हजार. पंक्चर, ब्रेकचे रबर, चेनला तेल, एखादा टायर-ट्यूब मिळून वर्षाला दोन हजार सोडा. चार वर्षांचे झाले १६,५००. घरच्यांना घेऊन जायचं असेल तेव्हा ऑटो किंवा बस लागणारच, त्यासाठी महिन्याला दीड हजार, म्हणजे ७२,००० वेगळे काढा. सगळं मिळून नव्वद हजारांच्या आत. उरले तीन लाख वीस हजार, म्हणजे महिन्याला साडेसहा हजारांहून जास्त. त्या घरात आता डाळ पातळ होते आणि दूध फक्त लहान्याला मिळतं. त्या साडेसहा हजारांत काय काय बसतं, ते त्या घरातल्या बाईला विचारा.

मोटारसायकलचं म्हणाल तर ती मधे बसते. ज्याचं काम हिंगण्याच्या कंपनीत पंधरा-वीस किलोमीटरवर आहे, त्याला मी सायकल घे म्हणणार नाही. पण ज्याचं काम पाच-सहा किलोमीटरवर आहे, त्याच्या पायात बळ असताना तो पेट्रोल का जाळतो, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

वर्षावासात आपण सिगालोवाद सुत्त ऐकतो. त्यात तथागतांनी सिगालाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक भाग उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी, आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवायचा. २२,००० चा चौथा भाग होतो ५,५००. हप्ता आहे ५,५६६. अडचणीसाठी राखायचा भाग जसाच्या तसा गाडीने नेला, पेट्रोल अजून बाकीच आहे. पुढे घरात कोणी आजारी पडलं की बचत गटाकडे, नाहीतर सावकाराकडे.

"पण सिस्टर, रात्री-बेरात्री दवाखान्यात न्याले गाडी पाहिजेच ना?" हे मला सगळेच विचारतात. वर्षातून अशा रात्री किती येतात ते मोजा. छातीत कळ आली, अपघात झाला, बाई अडली, तर १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही अॅम्ब्युलन्स आहे आणि तिचे पैसे लागत नाहीत. तिच्यात ऑक्सिजन असतो, माणसाला आडवं ठेवता येतं. आपल्या गाडीत आपण त्याला मागच्या सीटवर दुमडून नेतो. बाळंतिणीला सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी १०२ ची गाडीही मोफत आहे. १०८ ला उशीर होतो, हे खरं आहे, मी स्वतः वाट पाहिली आहे. म्हणून वस्तीतल्या दोन ऑटोवाल्यांचे नंबर भिंतीवर लिहून ठेवा. रात्रीचे तीनशे-चारशे घेतले तरी हप्त्यापेक्षा स्वस्तच.

आता शरीराचं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्यात किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम करायला सांगते. पाच किलोमीटर आरामात सायकल चालवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. जाऊन-येऊन पाऊण तास, सहा दिवसांचे साडेचार तास, म्हणजे २७० मिनिटं. वेगळा व्यायाम नको, जिमची फी नको. मांड्यांचे स्नायू शरीरातले सगळ्यांत मोठे. ते चालू लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, आणि हा परिणाम सायकलवरून उतरल्यावरही काही तास राहतो. गोळी बंद करायची असा याचा अर्थ नाही. गोळी चालूच ठेवायची.

ज्याला शुगर आहे त्याने उपाशीपोटी निघू नये. इन्सुलिन घेत असाल किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर खिशात साखर किंवा गूळ ठेवा; हात थरथरले, घाम फुटला, तर लगेच थांबून खा. स्लिपर घालून पॅडल मारू नका, बंद जोडा घाला आणि रात्री पायाचे तळवे बघा. बधिर पायाला जखम झालेली कळत नाही. चढावर छातीत दाब वाटला किंवा दम लागून बोलता येईना, तर आधी डॉक्टरांना दाखवा, सायकल नंतर.

गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडलेले निम्मे लोक सीट खाली ठेवून चालवत होते. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला असावा. पान्याने दोन इंच सीट वर करायला पैसे लागत नाहीत. आणि नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बारा ते चार सायकल चालवू नका, उष्माघात कोणाला सोडत नाही. तेव्हा सकाळी सायकलने जा आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर निघा. ट्रकच्या मोठ्या रस्त्यापेक्षा गल्लीतून दोन मिनिटं जास्त लागली तरी गल्लीच बरी. आपल्या शहरांचे रस्ते सायकलवाल्याला मोजत नाहीत, हे मला माहीत आहे. त्याबद्दल नगरसेवकाला धरायला हवं, तो वेगळा लेख होईल.

बायांना एक सांगते. सायकलने मुलीचं 'काही बिघडतं' असं अजूनही आया मला कानात विचारतात. तो पातळ पडदा उड्या मारताना, खेळतानाही ताणतो, काहींना जन्मतःच नावापुरता असतो. त्यावरून मुलीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. पाळीतही सायकल चालते. पोट वाढलेल्या गरोदर बाईने मात्र टाळावी, कारण तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर हजारो गरीब बाया सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. लेडीज सायकली कमी पडल्या, तर बायांनी पुरुषांच्या घेतल्या, आणि त्याच बऱ्या म्हणाल्या, कारण पुढच्या दांडीवर पोराला बसवता येतं.

आमच्या त्या भावाने गाडी अजून विकलेली नाही. दोन वर्षांचे हप्ते बाकी आहेत आणि आत्ता विकली तर तोटा मोठा. ती आता फक्त रविवारी निघते. कामावर तो पुतण्याच्या जुन्या सायकलने जातो. मी सीट वर करून दिली, मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर लावला. मालकाला सांगून महिन्यातला एक सोमवार उशिरा येण्याचं ठरवून घेतलं आहे, त्या दिवशी ओपीडी. गेल्या आठवड्यात शुगर १९४ होती. पुढची तपासणी पौर्णिमेला, विहारात, सकाळी सात वाजता. उपाशीपोटी यायचं, आणि त्या दिवशी चालत.