अशक्तांची राखण

पीक उभे राहिले की राखण करावी लागते. पण साऱ्या शेताला सारखी राखण लागत नाही. वाटेकडेच्या पट्ट्याला जास्त लागते, कारण जनावर आधी तिथेच तोंड घालते. साथीच्या रोगाचेही तसेच आहे. साथ सर्वांच्या घरी येते. पण घरातल्या सर्वांना ती सारखी जाचत नाही. म्हातारी आजी, दम्याचा चुलता, कॅन्सरमधून उठलेली वहिनी, यांना ती आधी आडवे करते. म्हणून यांची राखण जास्त करायची.

करोनाची साथ आपण सर्वांनी पाहिली आहे. भारतात पहिला रोगी ३० जानेवारी २०२० रोजी केरळात सापडला. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत तर माणसांना खाट मिळेना, प्राणवायू मिळेना. पुढे ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की, करोनाची आणीबाणी संपली. आणीबाणी संपली खरी, पण रोग संपला नाही. त्याचा विषाणू आजही माणसांत फिरतो आहे. धडधाकट माणसाला तो चार दिवस पडसे-खोकल्यात ठेवतो नि सोडून देतो. अशक्त माणसाला मात्र अजूनही दवाखान्याची वाट दाखवतो. हा धडा त्या अशक्त माणसांसाठी आहे, आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

अशक्त कोणाला म्हणायचे?

अशक्त म्हणजे केवळ हडकुळा नव्हे. दिसायला धट्टाकट्टा माणूसही आतून अशक्त असू शकतो. एखाद्याचे मूत्रपिंड बदललेले असते. तो चांगला औत हाकतो. पण नवे मूत्रपिंड शरीराने टिकू द्यावे म्हणून त्याला रोज गोळ्या घ्याव्या लागतात. त्या गोळ्या शरीराची रोगाशी झुंजण्याची ताकद मुद्दाम कमी करतात. म्हणून तो अशक्तांत मोडतो. (त्याने त्या गोळ्या आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत. केल्या तर मूत्रपिंडच जाईल.)

साठीच्या पुढची माणसे, गरोदर बाया, साखरेचा आजार असलेले, हृदयाचे, फुप्फुसाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असलेले, कॅन्सरचा उपचार चालू असलेले, एच. आय. व्ही. असलेले, या सर्वांची जास्त राखण हवी.

पुन्हा सुई कशाला?

आम्हांला लोक विचारतात, "गुरुजी, दोनदा टोचून घेतले. आता तिसऱ्यांदा कशाला? देवीची लस आमच्या आईबापांनी लहानपणी टोचून घेतली. दंडावरची खूण जन्मभर राहिली आणि देवीही गेली. मग हिचेच काय असे?"

शंका रास्त आहे. तिचे उत्तर तुम्हीच जाणता, कारण तुम्ही नुकतेच अक्षर शिकला आहात. शिकलेले अक्षर चार महिने वाचले नाही, तर काय होते? 'घ' आणि 'ध' यांत घोटाळा होतो. उजळणी केली की ते पुन्हा पक्के होते. लस म्हणजे शरीराला दिलेला धडा. हा शत्रू असा दिसतो, आला तर असे लढायचे, हे ती शरीराला शिकवते. महिने जातात तसा धडा फिका होतो. पुन्हा दिलेली सुई ही त्याची उजळणी आहे. हिलाच बूस्टर म्हणतात.

दुसरी गोष्ट. देवीचा विषाणू फारसा बदलत नसे. करोनाचा विषाणू सारखा रूप बदलतो. २०२१ साली त्याच्या डेल्टा नावाच्या रूपाने कहर केला. २०२२ च्या सुरुवातीला ओमिक्रॉन हे रूप पसरले. अक्षर तेच, पण दुसऱ्याने वेड्यावाकड्या हाताने लिहिले तर आपल्याला चटकन ओळखू येत नाही. शरीराचेही तसेच होते. म्हणून धडा नव्याने द्यावा लागतो.

आणि अशक्त माणसाच्या शरीराला पहिलाच धडा कच्चा बसलेला असतो. त्याला उजळणीची गरज सर्वांत जास्त.

लस घेतली म्हणजे करोना होणारच नाही, असे नाही. पण रोग जीवावर बेतण्याचा धोका ती पुष्कळ कमी करते. सुई घेतल्यावर दंड दुखतो, एक-दोन दिवस कणकण येते. त्याची भीती नको. फार क्वचित मोठा त्रास होतो. म्हणूनच टोचल्यावर अर्धा तास केंद्रावर बसवून ठेवतात. तो अर्धा तास चुकवू नये. पूर्वी कोणत्या सुईने त्रास झाला असेल तर आधी सांगावे.

आपल्या देशात काय घडले?

भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. कोविशिल्ड ही लस आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. कोव्हॅक्सिन हैदराबादला तयार झाली. तिच्यासाठी लागणारा विषाणू पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळा करून दिला होता.

तिसरा डोस १० जानेवारी २०२२ पासून देऊ लागले. सरकारने त्याला खबरदारीचा डोस असे नाव दिले. आधी तो दवाखान्यातले कर्मचारी, पोलिसांसारखे आघाडीवरचे लोक आणि साठीवरची दुखणाईत माणसे यांना मिळाला. १६ मार्चपासून साठीवरच्या सर्वांना मिळाला. १० एप्रिलपासून अठरा वर्षांवरच्या इतर सर्वांना परवानगी झाली, पण ती खासगी केंद्रांवर पैसे देऊन. लशीचे २२५ रुपये आणि टोचण्याचे जास्तीत जास्त १५० रुपये, असा दर होता.

आता विचार करा. चाळिशीतला एक मजूर आहे. त्याचे मूत्रपिंड बदललेले आहे. त्याला जानेवारीत डोस मिळाला नाही, कारण तो साठीचा नव्हता. एप्रिलमध्ये मिळू लागला, पण खासगी केंद्र शहरात. दिवसाचा रोज बुडवायचा, एस. टी. चे भाडे भरायचे, वर लशीचे पैसे. वय पाहिले गेले, दुखणे पाहिले गेले नाही. पुढे १५ जुलै २०२२ पासून ७५ दिवस अठरा वर्षांवरील सर्वांना सरकारी केंद्रांवर हा डोस फुकट दिला. तोवर पुष्कळांच्या मनातून करोना उतरला होता. देशात सुमारे ९५ कोटी लोकांनी दुसरा डोस घेतला, पण खबरदारीचा डोस २३ कोटींच्याही आतच लोकांनी घेतला. म्हणजे चारांत एकानेही नाही.

इंग्लंडात याची रीत वेगळी आहे. तिथे २०२५ साली पंच्याहत्तरीपुढच्यांना आणि रोगाशी झुंजण्याची ताकद कमी झालेल्यांना, मग ते कोणत्याही वयाचे का असेनात, वर्षातून दोनदा, वसंतात व शरदात, सरकारी लस मिळत होती. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला असाच आहे : आधी अशक्तांना, आणि अशक्तांना पुन्हा पुन्हा.

म्हणून घरात अशक्त माणूस असेल तर आशाताईला किंवा आरोग्यसेविकेला विचारा : "यांना करोनाची सुई आता कुठे मिळेल?" तिला माहीत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारा. तेही नाही तर जिल्हा रुग्णालयात विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे. त्यात लाजायचे काय?

पाच दिवसांची गोष्ट

लस घेऊनही करोना झाला, तर? अशक्त माणसासाठी गोळ्या निघाल्या आहेत. विषाणू शरीरात एकाचे हजार होतो. या गोळ्या त्याची ही वाढ रोखतात. त्यांतली मुख्य गोळी निर्माट्रेल्व्हिर. तिच्या जोडीला रिटोनाव्हिर ही दुसरी गोळी देतात. पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ घ्यायची.

पण ही गोळी दुखणे सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू झाली पाहिजे. कडब्याच्या गंजीत एका पेंढीला आग लागली, तर एक घागर पाणी पुरते. सारी गंजी पेटल्यावर विहीर उपसली तरी उपयोग नाही. आपल्याकडे होते काय? पहिले दोन दिवस काढा. तिसऱ्या दिवशी अंगारा. चौथ्या दिवशी 'एक सलाइन लावा हो.' आणि सहाव्या दिवशी तालुक्याला. तोवर वेळ टळून जाते.

ही गोळी प्रथम अमेरिकेतल्या फायझर कंपनीने काढली. ती फार महाग होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये झालेल्या कराराने ९५ गरीब व मध्यम देशांसाठी ती स्वस्तात करण्याची परवानगी इतर कंपन्यांना मिळाली. हैदराबादच्या हेटेरो कंपनीने केलेल्या गोळीला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली. म्हणजे गोळी आपल्याच देशात होते. ती अशक्ताच्या हाती वेळेवर पोचली पाहिजे, एवढेच.

मात्र ही गोळी दुकानातून आपल्या मनाने घेऊ नये. ती दुसऱ्या औषधांशी भांडते. क्षयाच्या रिफॅम्पिसिन या औषधाबरोबर ती चालत नाही. मूत्रपिंड बदललेल्यांच्या काही गोळ्या तिच्यामुळे रक्तात साचतात व विषारी होतात. मूत्रपिंड अधू असेल तर तिचे प्रमाण बदलावे लागते. मोल्नुपिराव्हिर नावाची दुसरी एक गोळी आहे, ती गरोदर बाईला देत नाहीत. हे सारे डॉक्टरांनी ठरवायचे. आपण चालू असलेल्या सर्व औषधांची पिशवी त्यांच्यापुढे ठेवायची.

स्टेरॉइडही मनाने घेऊ नये. २०२१ साली साखरेचा आजार असलेल्या कित्येकांना स्टेरॉइडनंतर काळ्या बुरशीने गाठले. काहींचे डोळे गेले.

लक्षात ठेवा

१. अशक्त माणसाला ताप, खोकला, घशात खवखव सुरू झाली की त्याच दिवशी तारीख लिहून ठेवा.
२. दुसऱ्या दिवसाच्या आत करोनाची तपासणी करून घ्या.
३. डॉक्टरांना सांगा : "यांना अमुक दुखणे आहे. आज अमुकवा दिवस आहे. विषाणूवरची गोळी चालेल का?"
४. धाप लागली, किंवा बोटाला लावायच्या यंत्रात प्राणवायूचा आकडा ९४ च्या खाली गेला, तर घरी थांबू नका. १०८ क्रमांकाला फोन करा.
५. घरात कुणाला पडसे-खोकला असेल तर त्याने अशक्त माणसाजवळ तोंड-नाक झाकूनच जावे. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

करून पाहा

आज घरी गेल्यावर वही काढा. घरातल्या अशक्त माणसाचे नाव, वय व दुखणे लिहा. चालू औषधांची नावे लिहा. पाकिटावर इंग्रजी अक्षर असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या, पण लिहा आपल्या हाताने. शेवटची लस कोणत्या महिन्यात घेतली तेही लिहा. हा कागद औषधांच्या पिशवीत ठेवा. रात्री-अपरात्री धावपळ झाली आणि आपल्याला बोलायला सुचले नाही, तरी हा कागद डॉक्टरांना सारे सांगेल.

प्रश्न

१. धट्टाकट्टा दिसणारा माणूस अशक्त कसा असू शकेल?
२. करोनाची लस पुन्हा पुन्हा का लागते?
३. विषाणूवरची गोळी किती दिवसांच्या आत सुरू करावी?
४. तुमच्या गावातून जवळचे आरोग्य केंद्र किती मैल आहे? आजारी माणसाला तिथे कोण नेईल? आजच ठरवा.