बोचकं सोड, माय

नांदेड,
रविवार, दुपार

चि. सोनूस,


तुझा मेसेज वाचला. त्या एवढ्याशा काचेवर बोटं चालवून मला एवढं सगळं लिहिता यायचं नाही, म्हणून कागद घेतला. लातूरला निघालेल्या कुणाच्या तरी हाती देईन.

तू लिहितेस, 'आत्या, तू दिलेलं बोचकं अजून पलंगाखालीच आहे. कापड इतकं मऊ आहे की कात्री लावायला जीव होत नाही.' वाचून हसू आलं, कारण तेच बोचकं माझ्या पलंगाखालीही अकरा वर्षं पडून होतं. वजिराबादेत गेले, तारासिंग मार्केटात गेले, किलोवर विकायला ठेवलेले होजिअरीचे कटपीस दिसले की माझा हात आवरायचा नाही. 'काहीतरी चांगलं शिवू' म्हणून घ्यायचे आणि ते चांगलं काही सुचेपर्यंत दुसरा कटपीस यायचा. त्यातल्या दोन तुकड्यांच्या घडीवर पिवळ्या रेघा पडल्यात, बघितल्या असशील. ते नुसतं जपल्याने झालंय, वापरून नाही.

तुझे आजोबा मिलमध्ये होते. मिलचं नाव बदललं तरी लोक तिला उस्मानशाहीच म्हणायचे. ते कधी कापडाचे तुकडे घेऊन आले की आजी त्याच आठवड्यात कात्री घेऊन बसायची. परकर, झबली, उशीचे अभ्रे, आणि उरलं त्याची वाकळ. आमच्या घरात कापड साठवायची ट्रंकच नव्हती. साठवायची हौस आली ती माझ्या पिढीत, हातात चार पैसे आल्यावर. ती तुझ्याकडे जाऊ नये एवढ्यासाठी हे पत्र.

आता लातूरच्या पोरीला कळेल असा हिशोब सांगते. 2016 च्या एप्रिलमध्ये, दुष्काळात, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते तू लहानपणी पाहिलंयस. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि पाणी होतं सुमारे पाच लाख लिटर. एका सुती टी-शर्टमागे, कापूस पिकवण्यापासून धरून, साधारण 2,700 लिटर पाणी लागतं असा अंदाज सांगतात. त्यात पावसाचंही आलं आणि विहिरीचंही. भागाकार करून बघ. ती अख्खी गाडी एकशे पंच्याऐंशी टी-शर्टांत संपते. तुझ्या पलंगाखालच्या कापडाने त्याच्या वाट्याचं पाणी आधीच पिऊन टाकलंय. ते न वापरल्याने त्यातलं एक तांब्याही परत येणार नाही.

बोचकं सहा किलोचं आहे, मी भाजीच्या काट्यावर तोललं होतं. काटछाट धरून मोठ्या माणसाच्या टी-शर्टला पाव किलोच्या आसपास कापड जातं. म्हणजे चोवीसेक टी-शर्ट तू पलंगाखाली ठेवून झोपतेस आणि वर मला विचारतेस की बाजारात सेल लागलाय, दोन घेऊ का!

तू ब्लाऊज चांगला शिवतेस, आणि तीच तुझी अडचण होणार आहे. ब्लाऊजचं कापड ताण्याबाण्याचं. उभे धागे, आडवे धागे, एकमेकांत अडकवून घट्ट बसवलेले. तुमच्या उदगीरला खादीचं असंच कापड विणतात आणि आपल्या नांदेडात मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती त्याचा तिरंगा करते. लांबी-रुंदीचं प्रमाण तीनास दोन, तेही ठरलेल्या नऊ आकारांतच. तिथं कापडाने वाऱ्यात आकार सोडायचा नसतो. टी-शर्टच्या कापडाचं उलट आहे. त्यात धाग्याची कडीत कडी गुंफलेली असते, तुझी आई क्रोशाने रुमाल करायची तशी. ओढलं की कड्या पसरतात, सोडलं की जवळ येतात. म्हणून ते अंगाबरोबर हलतं, आणि म्हणूनच मशीनखाली छळतं. ब्लाऊजच्या कापडाला आपण धाक दाखवतो. याला तो चालत नाही.

कामाला लागायचं ते असं.

आधी भिजव. रात्री बादलीत कापड बुडवून ठेव, सकाळी पिळा न घालता दाबून पाणी काढ आणि गच्चीवर सावलीत चादरीवर आडवं पसर. दोरीवर टाकलंस तर ओल्या वजनाने लांबेल आणि तू ते खोटं माप धरून कापशील. सुती होजिअरी धुतल्यावर आटते, त्यातही लांबीला जास्त. माझा पहिला टी-शर्ट तुझ्या बाबासाठी होता. मी घाईत कोरं कापड कापलं. तिसऱ्या धुण्याला तो बेंबीच्या वर गेला, आणि गळा मी ओढून ओढून शिवलेला, त्याची झालर झाली. तुझ्या बाबाने तो होळीला घातला, तेवढाच त्याचा उपयोग.

मग सुलट बाजू ओळख. सिंकरचं, म्हणजे साध्या टी-शर्टचं कापड कापलं की कड आपोआप गुंडाळते. उभी कड उलट बाजूकडे वळते, आडवी कड सुलट बाजूकडे. दोन्हीकडे ओढूनही बघ. जिकडे जास्त ताणतं ती दिशा छातीभोवती आली पाहिजे. चुकून उभी घेतलीस तर टी-शर्ट गुडघ्याकडे वाढत जाईल आणि डोक्यातून मात्र जाणार नाही.

कटिंगसाठी पुस्तक नको. तुझा सगळ्यात आवडता, अंगाला बरोबर बसणारा टी-शर्ट घे. तो उसवू नकोस. उभी घडी घालून वर्तमानपत्रावर ठेव, कडेने पेन्सिल फिरव, अर्धा इंच दाब सोड. मुंढ्याचा गोल मात्र नीट घे, तिथं अंदाज चालत नाही. पुढचा गळा खोल, मागचा उथळ. बाही वेगळी काढ. झाला खाका.

सुई बदल. तुझ्या मशीनला आत्ता आहे ती टोकदार सुई धागा भोसकते, कडी तुटते आणि दोन धुण्यांत शिलाईच्या कडेने भोकं पडत जातात. दुकानात बॉल पॉइंट सुई माग, अकरा नंबरची. तिचं टोक किंचित गोल असतं, ते धाग्याला बाजूला सारून आत जातं. दोरा पॉलिस्टरचा घाल, सुती दोरा ताणाला टचकन तुटतो. दाबाच्या दांडीवरचा वरचा स्क्रू थोडा ढिला कर.

मशीन कापड गिळायला लागली तर खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेव आणि कागदासकट शिव. मग कागद फाडून काढ. टाक्यात अडकलेले कपटे चिमट्याने निघतात. खांद्याच्या शिलाईत जुन्या धोतराच्या काठाची बारीक पट्टी धर, म्हणजे खांदे लोंबणार नाहीत. आणि तुझे दोन्ही हात कापडावर नुसते टेकलेले असू देत. पुढून ओढू नको, मागून ढकलू नको. मशीनचे दात त्याला नेतात.

ओढायचं फक्त एका जागी, गळपट्टीला. गळ्याचा घेर वीस इंच भरला तर पट्टी सतरा इंच घे, वर जोडाचा एक इंच. रुंदी दोन इंच, दुमडून एक. रिबचा, म्हणजे जास्त ताणणाऱ्या होजिअरीचा तुकडा असेल तर उत्तम, बोचक्यात काळा आणि मरून आहे. पट्टीचे चार भाग कर, गळ्याचेही चार कर, टाचणीने खुणा जुळव. मग पट्टी तेवढी ताणून शिवत जा, गळा ताणू नकोस. शिवून झाल्यावर जरा चुण्या दिसतील, घाबरू नकोस. वाफेची इस्त्री दाबून उचल, घासू नकोस. गळा अंगाला येऊन बसतो.

ओव्हरलॉक मशीन नाही म्हणून अडून बसू नकोस. तुमच्या गल्लीत 'पिको-फॉल'ची पाटी असेलच. त्या बाईंच्या मशीनवर नागमोडी टाका पडतो आणि तो कापडाबरोबर ताणतो. बाजूच्या शिलाया तू घरच्या मशीनवर घाल, गळा आणि खालची दुमड त्यांच्याकडून करून आण. चार दिवस त्यांच्याजवळ बसलीस तर मी पत्रात लिहू शकले नाही ते त्यांच्या हाताकडे बघून कळेल.

तू विचारशील, गंजगोलाईच्या बाजारात दोनशे रुपयांना टी-शर्ट मिळतो, मग एवढी उठाठेव कशाला? पैसे वाचतील असं मी म्हणत नाही. पण तुझे हात लांब आहेत, तयार बाही तुला कोपराच्या वर अडकते, हे मी लहानपणापासून बघतेय. तुला खिसा लागतो आणि बायकांच्या कपड्यांना खिसा द्यायचं शिवणाऱ्यांच्या मनात येत नाही. मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीस अंश उन्हात, घरात घालायला सैल, मऊ, खिसेवाला टी-शर्ट दुसरा कोण तुझ्या मापाने करणार? आणि एकदा स्वतः गळा लावला, की दुकानातला टी-शर्ट उलटा करून शिलाई बघायची सवय लागते. मग कुणी तुला फसवत नाही.

सुरुवात त्या राखाडी तुकड्यापासून कर. तो मलाही फारसा आवडत नव्हता, बिघडला तर कुणी रडणार नाही. पण दुसरा टी-शर्ट निळ्या कापडाचाच कर, ज्याला तू हात लावायला भितेस त्याचा. चांगलं कापड शेवटी ठेवलं की ते शेवटीच राहतं, हे मी अकरा वर्षं करून पाहिलंय. चिंध्या टाकू नकोस, पिशवीत भरून ठेव. वाकळीत होजिअरी फार ऊबदार लागते. थंडीत मी येईन तेव्हा दोघी मिळून वाकळ घालू.

आज रात्री राखाडी तुकडा बादलीत पडलाच पाहिजे. आणि शिवून झाला की फोटो पाठवू नकोस. अंगात घालून अहमदपूरमार्गे नांदेडला येणाऱ्या एसटीत बस आणि इकडे ये. गळा कसा बसलाय ते मला हात लावून बघायचंय.

तुझी,
आत्या